सोमवारी न उठणारी जीप

रामहरी मिस्तरी गाडीला 'अहो' म्हणतात आणि माणसाला 'अरे'.

जामखेडात खर्ड्याच्या रस्त्याला, कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. गाडी येऊन थांबली की ते आधी बॉनेटवर तळहात ठेवतात, ताप बघावा तसा. "काय हो, कुठं दुखतंय?" हे गाडीला. मग ड्रायव्हरकडं वळून, "काय केलंस रं हिला?" समोर सरपंच असो नाहीतर फौजदार, 'रं' चुकत नाही.

उंचीला बेताचे, पन्नाशी ओलांडलेले, आणि शर्ट असा की चहा गाळता येईल. बॅटरीतलं अ‍ॅसिड उडून उडून पडलेली भोकं ती. त्यांच्या बायको राजेश्वरीकाकू म्हणतात, "नवा शर्ट आठ दिवसांत जाळीचा हुतो. आता मी दुकानदाराला म्हनते, जाळीचाच दे बाबा." मिस्तरी यावर हसत नाहीत. नुसतं "हां" म्हणतात. त्यांच्या 'हां'चे प्रकार आहेत. आखूड हां म्हणजे ऐकतोय. लांब हां म्हणजे तू थापा मारतोयस. आणि नाकातला हां म्हणजे आता गप बस, मला विचार करू दे. नवख्या माणसाला हा फरक कळत नाही आणि तो नाकातल्या हांवरही बोलतच राहतो. मग मिस्तरी उठून चहा प्यायला जातात.

लोकांची त्यांच्याबद्दल तक्रार एकच. रामहरी एका गाडीला दिवस लावतो. स्टँडजवळ काचेच्या दाराचं दुकान आहे, तिथं दहा मिनिटांत सांगतात, "बॅटरी गेली साहेब, नवी टाका." मिस्तरी बॅटरीला सगळ्यात शेवटी हात लावतात. "हंडा गळका आन पानी नवं," एवढंच म्हणतात. आमच्या दुष्काळी भागात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आमची जीप म्हणजे आसाराममामांची जीप. वय वर्षं वीस. खर्ड्याच्या अलीकडच्या वस्त्यांवरून आम्ही नऊ मुली तिच्यातून जामखेडला अकरावी-बारावीला जातो. एसटी आहे, पण ती फाट्यावर थांबते आणि फाटा वस्तीपासून चार किलोमीटर. जीप आहे म्हणून कॉलेज आहे, इतकं सरळ.

तर ही जीप गणपतीपासून सोमवारी उठेना. मंगळवारी चावी फिरवली की 'घर्रर्र-धडाड', जशी काही तिला कॉलेजची आमच्यापेक्षा घाई. बुधवारी तसंच. शनिवारपर्यंत तसंच. आणि सोमवारी 'खर्र... ख... टिक.' टिक झालं की मामा स्टिअरिंगवर कपाळ टेकायचे आणि म्हणायचे, "उतरा गं बायांनो." आम्ही दप्तरं सीटवर टाकून उताराकडं ढकलायचो, मामा आतून "अजून! अजून! जेवून आलात का न्हाई?" असं ओरडायचे, आणि ती धूर सोडत सुरू झाली की पळत जाऊन बसायचो.

कारणं सगळ्यांकडं होती. मामांच्या आई भागूबाईंचं म्हणणं, "तिचा सोमवार हाय. धरला आसंल उपास. मुक्या जिवाला मन नसतं व्हय?" असं म्हणून त्यांनी लिंबू-मिरच्या बांधल्या. काचेच्या दुकानानं नवी बॅटरी टाकली. दोन सोमवार जीप उठली, मामांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. तिसऱ्या सोमवारी टिक. मग दुसऱ्या एकानं डायनॅमो उघडून परत बसवला. टिक.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, त्या पहिल्याच सोमवारी ते हसणं संपलं. सकाळी ढकलून सुरू केलेली जीप दिवसभर कॉलेजजवळ उभी होती. संध्याकाळी पाचला निघायला गेलो तर टिक. तिथं उतार नाही. ओळखीचा ट्रॅक्टर मिळून, दोर बांधून, ओढून ती सुरू होईपर्यंत दिवस मावळला. वस्तीवर पोचलो तर सगळ्यांचे बाप रस्त्यावर उभे.

आमच्यातल्या आरतीचे वडील अंगद ओरडले नाहीत, तेच वाईट होतं. ते हळू बोलतात आणि प्रत्येक वाक्य खिळा ठोकल्यासारखं संपवतात. "आसाराम, म्होरच्या मंगळवारी आमची टोळी निघती, तोडीला. गाडीचा भरवसा आसंल तर आरती आजीपाशी राहील. न्हाईतर आमच्यासंगं येईल. पोरगी हितं रस्त्यावर अडकून पडली आन मी तिकडं कोल्हापूरच्या फडात ऊस तोडीत बसलो, हे हुनार न्हाई."

"आरं पन तिची बारावी हाय," मामा म्हणाले.

"बारावी जीप देनार हाय का?"

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असते. टोळी परत येते ती मार्च उलटून. आमच्या वस्तीत हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही येतो.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं कॉलेज सुटल्यावर मामांनी जीप रामहरी मिस्तरींकडं वळवली. बाकी सगळे करून झाले होते, म्हणून. आम्ही मागं बसलेल्याच होतो. मिस्तरींनी तळहात ठेवला, विचारपूस केली, मग मामांना म्हणाले, "सांग."

मामांनी गणपतीपासून सुरुवात केली. सोमवार, उपास, लिंबू, नवी बॅटरी, डायनॅमो. मिस्तरी आखूड हां करत होते. शेवटी विचारलं, "रविवारी काय करती ही?"

"रविवारी? काय न्हाई. उभी आसती दारात."

"मग दुखनं रविवारचं हाय. सोमवारी निस्तं कळतं."

दोन महिने सगळे सोमवारच्या मागं लागले होते.

मिस्तरींचं हत्यार म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. मीटर आहे त्यांच्याकडं, पण ते म्हणतात की आकडा गिऱ्हाइकाला कळत नाही, उजेड कळतो. चावी काढली, दारं लावली, आम्हाला खाली उतरवलं. बॅटरीची एक तार सोडवली आणि तार अन् बॅटरी यांच्यामध्ये तो बल्ब जोडला. जीप बंद. सगळं बंद. आणि बल्ब लख्ख पेटला.

"बघ," मिस्तरी म्हणाले. "झोपल्यावर बी कुनीतरी खातंय."

मग त्यांनी फ्यूजच्या डबीतले फ्यूज एकेक करून काढायला घेतले. हेडलाईटचा काढला, बल्बाकडं बघितलं. तसाच. हॉर्नचा काढला. तसाच. आठ फ्यूज काढले, डायनॅमोची वायर सोडवली. बल्ब जणू त्याला कुणी विचारलंच नाही असा पेटलेला. तेवढ्यात अंगदकाका आले. लोहाराकडून कोयत्यांना धार लावून आणली होती, कोयते पोत्यात गुंडाळून खांद्यावर होते. ते कडुलिंबाला टेकून उभे राहिले.

"सापडलं का?"

"सापडंल," मामा म्हणाले.

"मंगळवारपतुर सापडू द्या म्हंजे झालं."

मिस्तरींनी मामांना विचारलं, "सगळं बघितलं का? याच्या आधी ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी?"

"सगळं बघितलं, मिस्तरी. देवीची लाईन सोडून."

डॅशबोर्डवर मोहट्याच्या देवीचा फोटो आहे आणि त्याखाली बोराएवढा लाल दिवा. जीप बंद असली तरी तो चालू असतो. चार वर्षांपूर्वी भागूबाईंनी हट्टानं लावून घेतला होता. गाडी बंद झाली म्हणून देवीनं अंधारात का बसावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं पेटत्या दिव्याला हात घालून कुणी विझवत नाही. म्हणून प्रत्येक मेकॅनिकनं तिथपर्यंत येऊन हात जोडले आणि दुसरीकडं शोधायला सुरुवात केली.

मिस्तरींचा नाकातला हां आला. मग म्हणाले, "मावशीला फोन लाव."

मामांनी लावला. भागूबाईंचा मोबाईलवर विश्वास नाही, त्या थेट वस्तीवरून ऐकू जावं अशाच बोलतात. "रामहरी? आरं तूच लावली हुतीस ना ती लाईट?"

"हां."

"तवा काय म्हनाला हुतास? मावशी, ही कदी इझायची न्हाई!"

"हां."

"मग आता काय झालं?"

"इझवत न्हाई, मावशी. दोन मिनिटं बाजूला करतो. घर सारवताना आपन देव उचलून चौरंगावर ठिवतो का न्हाई? तसं."

पलीकडं एक शेळी ओरडली. मग, "हात धुतलेस का?"

"धुतो."

"साबनानं धू."

मिस्तरींनी साबणानं हात धुतले, शर्टाला पुसले, देवीला नमस्कार केला आणि वायर सोडवली. बल्ब विझला.

मग अंगदकाका म्हणाले, "घ्या. घरचीच देवी बॅटरी खाती."

मामांनी दोन्ही कान पकडले. मिस्तरी मान हलवत होते. "न्हाई. ह्या दिव्याचं खानं चिमनीचं. दोन-चार दानं. बॅटरीला कळनार बी न्हाई. हितं म्हशीचं खानं चाललंय." त्यांनी वायर परत जोडली, बल्ब पेटला. "ह्याच वायरीवर कुटंतरी म्हस बांधलीय."

डॅशबोर्डच्या खाली ते उताणे झाले. वायर दिसेनाशी होत होती, चटईखाली जात होती. मामांना आठवत नव्हतं. आणि तेव्हा आरती, जी सोमवारपासून कुणाशी धड बोलली नव्हती, म्हणाली, "मिस्तरीकाका, मधल्या शिटखाली सकाळी ऊब आसती. गाडी चालू व्हायच्या आदी बी."

खरं होतं ते. थंडी पडल्यापासून त्या सीटसाठी आमची रोज भांडणं व्हायची. पाय शेकतात म्हणून. इंजिनाची ऊब असं आम्ही धरून चाललो होतो. थंडगार इंजिनाला ऊब कुठून येईल, हे नऊ जणींत एकीनंच बघितलं होतं.

मिस्तरी बाहेर आले. तिच्याकडं बघितलं. "सोमवारी बी आसती ऊब?"

आरतीनं आठवून सांगितलं, "न्हाई. सोमवारी गारच."

"कशी आसंल? खायला काय उरतच न्हाई सोमवारी." त्यांनी चटई ओढली. सीटखाली डब्यासारखी काळी पेटी स्क्रूनं बसवलेली. "हात लाव."

आरतीनं हात लावला. पेटी कोमट होती.

"हा तर माझ्या डेकचा ॲम्प्लिफायर!" मामा ओरडले. गणपतीच्या मिरवणुकीसाठी त्यांनी मोठा डेक बसवून घेतला होता. "पन डेक तर मी रोज बंद करतो!"

"डेक झोपतो. ह्यो जागा राहतो. डेकवाल्याला कायम चालू वायर पायजे हुती, सगळ्यात जवळ देवीची घावली. तिच्यातच दोनी वायरी मुरगाळल्या. ह्याला वाटतं रातंदिस मिरवनूकच चाललीय."

त्यांनी निळ्या टेपचा तो जोड कापला. देवीचा लाल दिवा लागलेला, आणि मिस्तरींचा बल्ब विझलेला. दोन्ही एकाच वेळी. मामांनी टाळीच वाजवली आणि मग डेकवाल्याच्या नावानं जे सुरू केलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. त्याच्या आज्यापर्यंत पोचले होते.

मिस्तरी हातातल्या वायरीकडं बघत बसले होते. निळ्या टेपच्या शेजारी दुसरा जोड होता, काळ्या टेपचा, वरून दोरा गुंडाळलेला. टेपवर दोरा गुंडाळणारा माणूस तालुक्यात एकच.

"त्याला नको शिव्या दिऊ," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

"तुमची?"

"चार सालांमागं ही लाईन मी वडली. थेट बॅटरीवरनं. फ्यूज लावला न्हाई. म्हनलं फ्यूज उडला तर दिवा इझंल, म्हातारी रुसंल. देवीचं काम म्हून नियम सोडला. फ्यूज आसता तर डबीत आला आसता, कुनीतरी काडला आसता, पयल्याच दिवशी घावलं आसतं. डेकवाल्याला दार उगडं दिसलं. पन उगडं मी ठिवलं."

हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. अंगदकाकांसमोर. मामांनी डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, की मिस्तरी, आत्ता नको. उशीर झाला होता.

अंगदकाका झाडापासून सुटे झाले. "म्हंजे बिगाडलं तुमीच आन हुडकलं बी तुमीच. वा. आन ह्या तुमच्या वायरीवर मी पोरगी ठिवून जाऊ?"

मिस्तरींनी डब्यातून नवा फ्यूज काढला.

"न्हाई, सांगा की. आमी बी ल्हानपनी फडावरच वाढलो. मेलो का?"

"न्हाई," मिस्तरी म्हणाले. "मी बी गेल्तो. सातवीच्या दिवाळीला. कारखान्याच्या गेटात उसाच्या गाड्या दोन दोन दिस उभ्या आसायच्या, बॅटऱ्या बसायच्या. तितं ड्रायव्हरांच्या हाताखाली ही इद्या शिकलो. वाईट न्हाई झालं." ते वायरीला फ्यूज जोडत होते, मान खाली. "पन माघारी आलो, जूनात शाळा उगडली तवा माज्या वर्गातली पोरं आठवीत बसली हुती. मी खिडकीतनं बघितलं. आत न्हाई गेलो."

एवढं सलग बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं, राजेश्वरीकाकूंनीही नसेल. बोलून झाल्यावर त्यांनी टेप गुंडाळली, तिच्यावर दोरा गुंडाळला, दातानं तोडला.

"अंगद, माज्या शब्दावर नको ठिवू. आज सांजंला जीप दारात लागंल. उद्या रविवार, कुनी चावी लावायची न्हाई. सोमवारी सकाळी ये आन सोता बघ."

रविवारी आसाराममामांची अवस्था बघण्यासारखी होती. जीपभोवती दहा वेळा फिरले. "निस्ती जरा लावून बघू का?" असं तीन वेळा म्हणाले. शेवटी भागूबाईंनी चावी पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाल्या, "माग आता. माग बघू."

सोमवारी सकाळी सातला मिस्तरी त्यांच्या लुनावरून आले. पंचवीस किलोमीटर, थंडीचं, कानाला मफलर. कुणी बोलावलं नव्हतं. अंगदकाका आधीच उभे होते, शेजारी आरतीची आजी, मागं आरती, आणि बाकीच्या आम्ही. त्यांच्या अंगणात टोळीचं सामान बांधून ठेवलेलं दिसत होतं: भांडी, गोधड्या, कोयते. आरतीची पिशवी त्यात होती का, ते इथून दिसत नव्हतं.

मामांनी चावी फिरवली. घर्रर्र-धडाड.

मुली ओरडल्या. अंगदकाका ओरडले नाहीत. "बंद करा," म्हणाले. "परत लावा." मामांनी लावली. "बंद करा. परत." तिसऱ्या वेळी त्यांनी मिस्तरींना विचारलं, "जानेवारीत? कडाक्याच्या थंडीत?"

कुणीही 'बिनधास्त जा' म्हटलं असतं. मामा तर म्हणायला तोंड उघडतच होते. मिस्तरींचा नाकातला हां आला. "जुनी गाडी हाय, अंगद. कदी काय हुईल सांगता येत न्हाई. पडली बंद तर मला फोन लावायचा. ह्या लुनावर यीन. पोरी फाट्यावर उभ्या राहनार न्हाईत, एवढं माज्याकडं."

अंगदकाका बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मग त्यांच्या खिळा ठोकायच्या आवाजात म्हणाले, "सहा टोळ्यांत राबलो मी. ट्रॅक्टर उलटला, बैल गेले, मानसं गेली. 'माज्यामुळं झालं' आसं म्हननारा ह्यो पयला मानूस बघितला."

मिस्तरी लुना वळवायला लागले होते. अंगदकाका आपल्या आईकडं वळले.

"आई, बाजरी किती काढून ठिवलीस?"

"माज्या एकटीपुरती."

"अजून दोन पायल्या ठिव. पोरगी खाती लई."

आरती पळतच घरात गेली, दप्तर आणायला. मामांनी हॉर्न वाजवला, कारण तिच्यामुळं सगळ्यांना उशीर होत होता.